मावशींची शेवाळातली मंडळी

त्या घरात बाथटब होता, पण त्यात आंघोळ करायची नाही, हे मला खोली दाखवतानाच सांगण्यात आलं. टबात शेवाळ होतं. पसरट ट्रेमध्ये, उशांसारखं फुगलेलं, कुठे हिरवं, कुठे पिवळट, कुठे जांभळाच्या रंगाचं. नळाचं पाणी त्याला चालत नसे, त्यातल्या क्षारांनी ते मरतं. म्हणून मागच्या अंगणात पन्हाळीखाली बादल्या लावलेल्या होत्या आणि पाऊस आला की घरमालकीणबाई हातातलं काम टाकून बादल्या बदलायला धावत.

"तू शॉवरखाली करजो आंघोळ," त्या म्हणाल्या. "टब त्यांचा आहे."

मी तेव्हा हार्लेम या डच शहरात नवीन होते. नोकरी ॲम्स्टरडॅमला, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की एक मराठी बाई वरचा मजला भाड्याने देतात, जरा विचित्र आहेत पण मनाने चांगल्या आहेत. मी त्यांना मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम युनिव्हर्सिटीत होती. ती रिटायर झाली. मावशी म्हण." मी राहायला गेले आणि काही आठवड्यांतच लॉकडाऊन लागला. ऑफिस लॅपटॉपात आलं, पुण्याचे आई-बाबा फोनमध्ये गेले, आणि प्रत्यक्ष दिसणारं माणूस म्हणून मला उरल्या फक्त मावशी.

त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या, तळ्यांच्या मुलखातल्या. संशोधनासाठी इथे आल्या त्याला तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. लग्न केलं नव्हतं. डच फडाफडा बोलायच्या, पण मराठी बोलायला लागल्या की सगळी वर्षं गळून पडायची आणि थेट गावाकडची बोली सुरू व्हायची. बुद्धपौर्णिमेला त्यांनी माझ्यासाठी खिरीचा डबा जिन्यात ठेवला आणि खालून ओरडून सांगितलं, "खाऊन पाय. दूध जरा लागलं आहे." खरंच लागलं होतं. स्वयंपाक करताना त्यांचं मन नेहमी शेवाळात असायचं.

सकाळी भेटल्या की त्या "कशी आहेस" असं विचारत नसत. "आज कोरडं का ओलं?" असं विचारायच्या. ओलं म्हणजे बरं, कोरडं म्हणजे बरं नाही. मी पहिले काही दिवस त्यांना खिडकीतून बाहेर बघून हवामान सांगत होते.

फ्रीझरचा किस्सा तेव्हाचाच. मी मटार काढायला गेले तर शेजारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गडद तपकिरी, मनगटाएवढा जाड दांडा. मला वाटलं, खजुराचा रोल. उचलला, तोच मागून आवाज आला, "ठेव व माय. तो काही हजार वर्षं जुना आहे. मटार घे."

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं. उत्तरेकडे, जिथे जमीन वर्षभर गोठलेली असते, तिथल्या दलदलीत शेवाळ मरतं पण कुजत नाही. त्यावर नवं उगवतं, तेही दबतं, थरावर थर साचत जातात. त्याला पीट म्हणायचं. पोकळ नळी आत घालून असा उभा दांडा काढला की वरचं टोक आजचं आणि खालचं टोक हजारो वर्षांपूर्वीचं.

"आणि या शेवाळातल्या पाण्यात माझी मंडळी राहतात," मावशी म्हणाल्या. "अमीबा. एका पेशीचा जीव. त्याले डोळे नाही, हात नाही, डोकं नाही. आणि तो घर बांधते. वाळूचा बारीक कण घेते, दुसरा घेते, मापाचे निवडून निवडून चिकटवते, आणि मडकं घडवते. डोकं नसून."

त्यांनी मायक्रोस्कोप लावून दाखवलं. मी बराच वेळ नुसतं बघत राहिले. खरंच मडकं होतं. गळा होता, पोट होतं, तोंडाला कड होती. दगड एकमेकांत इतके नेमके बसवले होते की एखाद्या जुन्या किल्ल्याचा बुरूज बघतेय असं वाटलं. आणि हे सगळं डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीच्या कणापेक्षाही लहान.

"जीव मरते, मडकं राहते," त्या म्हणाल्या. "आता पाय, यांच्यात कोणाले ओलं आवडते, कोणाले कोरडं. ज्या थरात ज्याची मडकी जास्त, त्या काळी तिथं तसं पाणी. थर्मामीटर नव्हता, माणूस नव्हता, लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. हे होते."

त्या वेडाची झळ आमच्या गल्लीलाही लागली होती. एका शनिवारी समोरचे डच काका प्रेशर वॉशर घेऊन घरांमधल्या सामायिक बोळातल्या विटांच्या फटी धुवायला निघाले. मावशींनी स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर नेली, बरोबर त्या विटांवर मांडली आणि कॉफी पीत बसून राहिल्या. काकांनी विचारलं, किती वेळ बसणार. मावशी म्हणाल्या, "फटीत लोक राहतात." मग घरातून मायक्रोस्कोप आणून खुर्चीवर ठेवला, फटीतलं शेवाळ काचेवर पिळलं आणि दीड मीटर मागे सरकून काकांना पुढे बोलावलं. काकांनी डोळा लावला. वॉशरची मोटर तशीच चालू होती. थोड्या वेळाने त्यांनी हात मागे करून ती बंद केली. त्यानंतर ते फक्त गाडी धुवायचे. बागेच्या सामानाच्या दुकानातून मात्र मावशींना मी दोनदा हाताला धरून बाहेर आणलं आहे. कुंडीत घालायच्या मातीत पीट मिसळतात, आणि त्या पिशव्यांच्या ढिगाशी उभं राहून त्या गिऱ्हाइकांना परत पाठवायच्या.

पहिला हिवाळा आला तेव्हा त्यांच्या जुन्या संस्थेतून ईमेल आला. तळघरातली शीतखोली बंद करणार आहेत, ज्यांचे नमुने असतील त्यांनी घेऊन जावेत, राहिलेले टाकून दिले जातील. मावशींनी ईमेल मला मोठ्याने वाचायला लावला. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचायला लावला.

"तिथे माझा पहिला दांडा आहे," मग म्हणाल्या. "स्वीडनच्या उत्तरेला, लॅपलँडमधल्या एका टेकाडाचा. आतून गोठलेलं पीटचं टेकाड, घराएवढं उंच. आता ते नाही. आतला बर्फ वितळला, खचलं. तिथं तळं आहे. मी फोटो पाहिला."

म्हणजे त्या टेकाडाचं जे काही जगात उरलं होतं ते त्या तळघरात होतं. इमारतीत एका वेळी एकालाच जायची परवानगी होती. आम्ही पुढे लाकडी पेटी असलेली सायकल भाड्याने आणली, लहान मुलांना शाळेत नेतात तसली, आणि कालव्याच्या काठाने निघालो. मावशी मास्क लावून आत गेल्या आणि एकेक दांडा छातीशी धरून बाहेर आणत राहिल्या. परतताना मी पेटीची सायकल हाणत होते आणि त्या मागून स्वतःच्या सायकलवर ओरडत होत्या, "हळू, खड्डा." पुलाशी एका आजोबांनी विचारलं, पेटीत काय आहे. मावशी म्हणाल्या, "नातेवाईक." आजोबांनी टोपी काढली.

घरी आल्यावर कळलं की मावशींनी माझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, आणि ती कळल्यावर हे सगळं आणून उपयोग काय, असा प्रश्न पडला.

मला संशय होताच. चहा ओतताना कप भरून वाहायचा. बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायच्या. एकदा संध्याकाळी मी खाली गेले तर त्या मायक्रोस्कोपसमोर बसल्या होत्या, पण दिवा बंद होता.

"मावशी, काय झालं?"

"माझ्या नजरेच्या मधोमध भोक पडून राहिलं," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसते. ज्याच्याकडे पाहावं तेच पुसल्या जाते. डॉक्टर म्हणते, वाढत जाणार."

मी कॅमेरा लावू, मोठ्या पडद्यावर दाखवू म्हटलं. आम्ही करून पाहिलं. पडद्याच्याही मधोमध तेच भोक. मावशी उठल्या, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू टेस्टर आहे ना? मग जे आहे ते सांगतेस, का जे असायले पाहिजे ते?"

"जे आहे ते," मी म्हटलं. "म्हणून तर टीमला मी फारशी आवडत नाही."

"बस मग तिथं."

अशी आमची शाळा सुरू झाली. रोज ऑफिसचा लॅपटॉप मिटला की मी खाली यायचे. मावशींनी त्या पहिल्या दांड्यातल्या पीटची कापटी, म्हणजे पातळ काप, उकळून, गाळून तयार ठेवलेली असायची, ते काम त्यांच्या हातांना येत होतं. मी काचेवर थेंब घेऊन डोळा लावायचे आणि दिसेल ते सांगायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

एक नियम होता. इंग्रजी नाही आणि पुस्तकातली नावं तर मुळीच नाहीत. "नाव आधी आलं की डोळे आळशी होतात," त्या म्हणत. "आकार सांग. घरातल्या भांड्यांसारखा सांग."

मग मी सांगायचे. "सुरईसारखं. मान लांब. अंगावर खडबडीत दगड."

"मान सरळ का वाकडी?"

"जराशी वाकडी."

"हां. आला तो. पुढे."

"काचेच्या बुधलीसारखं. आरपार दिसतंय. पिवळसर."

"तोंड चपटं असन."

"हो."

"ठीक आहे."

"वरून गोल, वड्यासारखं. मधे भोक."

"भोक गोल का तिकोनी?"

मी फोकस फिरवला. "तिकोनी."

"तो कोरड्यातला. लिही." लिहिणं म्हणजे त्या स्वतःच मोठ्या जाड पेनने कागदावर रेघ ओढायच्या, कडेच्या नजरेने.

मला अजून कळत नाही ते कसं जमायचं. मी चार शब्द सांगायचे आणि त्या बाईंच्या मिटल्या डोळ्यांपुढे ते मडकं उभं राहायचं, इतकं की मी न सांगितलेल्या गोष्टी त्या मला सांगायच्या. "डाव्या बाजूले एक मोठा दगड असन बघ, तो असाच करते." मी बघायचे, असायचा. बाहेर रस्ता सुनसान असायचा, बातम्यांत आकडे चाललेले असायचे, आणि आम्ही दोघी उत्तर ध्रुवाजवळच्या कुठल्यातरी प्राचीन उन्हाळ्यात बसलेलो असायचो. काही वेळा मला पाठीवर काटा यायचा. हा जीव ज्या दिवशी पाण्यातून हा कण उचलत होता, तो दिवस खरोखर झाला होता.

आता त्या पहिल्या दांड्याचं महत्त्व सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मावशींच्या डॉक्टरेटचा सगळा डोलारा त्या दांड्यावर उभा होता. त्यांनी दाखवलं होतं की ते टेकाड एकदा गोठून वर आलं ते हजारो वर्षं कधीच खचलं नाही. वर आलेलं टेकाड कोरडं असतं, आणि त्यांच्या नमुन्यांत शेवटपर्यंत कोरड्यातलीच मंडळी होती. स्वीडनमधले एक संशोधक, वयाने मोठे, म्हणायचे की नाही, मधे एकदा ते वितळलं असणार, पाण्यात बसलं असणार आणि पुन्हा गोठलं असणार. मावशींनी भर परिषदेत त्यांना विचारलं होतं, "पुरावा?" त्यांच्याकडे तेव्हा पुरावा नव्हता. "मी त्यांना सोलून काढलं," मावशी सांगायच्या, आणि हे सांगताना त्यांना आनंद व्हायचा, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

तरुणपणी त्यांनी दांड्यातून ठरावीक अंतरावर कापटी घेतली होती. अंतर सोडून जे राहिलं, ते आम्ही आता पाहत होतो. एका संध्याकाळी दोन काळ्या थरांच्या मधली बोटभर तपकिरी पट्टी आली. वरचा काळा थर त्यांनी पूर्वी पाहिला होता, खालचाही पाहिला होता. ही पट्टी मधे राहून गेली होती.

मी डोळा लावला, फोकसचं चाक फिरवलं आणि थांबले.

एव्हाना मलाही थोडं कळायला लागलं होतं. काचेवर लहान लहान पिंपं होती, मधाच्या रंगाची, आणि पिंपांना दोन्ही टोकांना तोंडं होती. अशी मी जिवंत शेवाळात पाहिली होती, टबातल्या सगळ्यात ओल्या ट्रेमध्ये. साचलेल्या पाण्याशिवाय ही मंडळी राहत नाहीत. आणि इथे ती एक-दोन नव्हती. काच त्यांनीच भरली होती.

"थांबली काहून?" मावशी म्हणाल्या.

"फोकस करतेय."

"फोकस तू केव्हाच केला. चाकाचा आवाज बंद झाला." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "काय दिसून राहिलं?"

मी सांगितलं. पिंप. मधाचा रंग. दोन्ही बाजूंना तोंड.

"एक?"

"नाही. सगळीकडे."

"तिकोनी?"

"एकही नाही."

त्या म्हणाल्या, "दुसरा थेंब घे." मी घेतला. तेच. "शेजारचं कापटं लाव." लावलं. तेच. मी मान वर करून पाहिलं. मावशींचे डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. तीस वर्षांचं काम मोडलं होतं. घरात आम्ही दोघी होतो, दांडा जगात एकच होता, आणि ती पट्टी आम्ही पाहिली हे तिसऱ्या कोणाला कधी कळलं नसतं. आणि त्या बाई अशा दिसत होत्या, जसं कोणीतरी खूप वर्षांनी दार वाजवलं आहे.

"खचलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पाण्यात बसलं होतं. आणि पुन्हा उठलं. अगं, ते पुन्हा उठलं होतं."

मग म्हणाल्या, "म्हाताऱ्याले फोन लाव."

नंबर शोधायला दोन दिवस गेले. स्वीडनमधले ते संशोधक आता तिथल्या उत्तरेकडच्या एका वृद्धाश्रमात होते, भेटायला कोणाला सोडत नव्हते. नर्सने फोन त्यांच्या हातात दिला. मावशींनी स्पीकर लावला आणि स्वीडिश-इंग्रजीच्या खिचडीत ओरडून सांगितलं, "मी चुकले."

"काय?"

"मी चुकले."

"थांब. कानातल्या मशीनची बॅटरी संपली आहे. बदलतो आणि मग पुन्हा सांग."

खुडबुड झाली. मावशी फोन दोन्ही हातांत धरून थांबल्या. बॅटरी बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, पट्टी, पिंपं, दोन्ही तोंडं. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मला वाटलं, म्हातारे रडताहेत.

"किती दांडे?" त्यांनी विचारलं.

"एक."

"माझ्याकडे काहीच नव्हतं म्हणून तू माझं ऐकलं नाहीस. बरोबर केलंस. आता एका दांड्यावर मी तुझं का ऐकू? शेजारचं टेकाड अजून उभं आहे. लवकर ये. तेही फार दिवस राहणार नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

मावशी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. तीस वर्षं वाट पाहिलेला विजय त्या माणसाने हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पुराव्याअभावी परत केला. "असा माणूस होता," त्या म्हणत राहिल्या, "आणि मी याच्याशी बोलत नव्हते."

निघायला जमलं ते निर्बंध उठल्यावर, उन्हाळ्यात. तोपर्यंत मी नोकरी बदलून कापेल आन डेन आयसेल या दुसऱ्या गावी राहायला गेले होते, पण रजा काढून गेले. आगगाड्या बदलत बदलत आम्ही लॅपलँडला पोचलो. डासांचे ढग होते. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट जात होती, आणि तिच्या टोकाशी व्हीलचेअरवर म्हातारे बसलेले, पांढरी टोपी, मांडीवर थर्मास. त्यांची नात मागे उभी होती. त्यांना वृद्धाश्रमातून बाहेर काढायला तिला बरंच भांडावं लागलं होतं, असं ती मला नंतर म्हणाली.

मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सवयीप्रमाणे बाजूला बघायला लागल्या.

म्हातारे म्हणाले, "अजून माझ्याकडे तोंड फिरवतेस?"

"फिरवलं तरच दिसतोस," मावशी म्हणाल्या.

तिथल्या टेकाडातून आम्ही काढलेल्या दांड्यातही नंतर पिंपं सापडली. आधीच्यापेक्षा कमी, पण होती. ते काम एका विद्यार्थ्याने रीतसर केलं आणि निबंधावर दोघांचीही नावं आली. म्हाताऱ्यांना तो वाचून दाखवला गेला, त्यांनी दोन चुका काढल्या. मावशींना आता कडेचंही फारसं दिसत नाही. शेवाळ त्यांनी समोरच्या डच काकांकडे दिलं आहे आणि बादल्या तेच बदलतात.

पण मला तो दिवसच जास्त आठवतो. मी आणि नात, दोघींनी जोर लावून नळी टेकाडात घातली. खाली बर्फ लागल्यावर ती अडली, मग कुरकुरत उतरली. दांडा बाहेर काढून ठेवायला कोरडी जागा नव्हती. मावशी सामानाच्या पेटीवर बसल्या, म्हाताऱ्यांची खुर्ची शेजारी आणली, आणि दांडा दोघांच्या मांड्यांवर आडवा ठेवला. म्हाताऱ्यांचे डोळे शाबूत होते. ते वरून खाली रंग सांगत आले, काळा, काळा, जरा लालसर, काळा. मावशींनी हातमोजा काढला आणि दुसऱ्या टोकाकडून अंगठ्याने दाबत दाबत आल्या. एका जागी त्या थांबल्या. "इथे मऊ आहे," असं त्यांनी म्हणायला आणि म्हाताऱ्यांनी बोट टेकवून "तपकिरी" म्हणायला एकच वेळ आली. बोट अंगठ्याला लागलं. दोघांनीही हात काढला नाही.

दांड्याच्या खालच्या टोकातला बर्फ उन्हात वितळायला लागला होता. तो कधी गोठला होता कोण जाणे. त्याचं पाणी मावशींच्या मांडीवरून ओघळत होतं, पॅन्ट भिजली होती, वारा गार होता. मी पिशवीतून टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, उलगडला आणि दांड्याच्या बर्फाच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळला.